उजाड मुलखातली युती

चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट खानदेशातल्या माणसाला नवा नाही. पावसाळ्यात दरड कोसळली किंवा एखाद्या वळणावर मालट्रक बंद पडला, की दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते. एसटीतली माणसे खाली उतरतात. कुणी शेंगा फोडत बसतो, कुणी कठड्यापाशी उभे राहून खालच्या रानाकडे बघतो. अशा वेळी बरोबरचे एखादे पोर हटकून विचारते, 'बाबा, याला औट्रम घाट का म्हणतात?' आणि बाबा सांगतात, 'अरे, होता कुणीतरी इंग्रज साहेब.'

उत्तर चुकीचे नाही. पण त्या अर्ध्या ओळीच्या मागे आपल्या मुलखाची एक विलक्षण कहाणी दडलेली आहे, आणि ती एकट्या साहेबाची तर मुळीच नाही.

हीच मुले सुटीच्या दिवशी दूरदर्शन संचासमोर बसून जगबुडीनंतरचे इंग्रजी सिनेमे पाहत असतात. शहरे ओस पडलेली, रस्त्यांवर झाडे उगवलेली, कायदा नाही, सरकार नाही. उरलेल्या माणसांच्या टोळ्या झालेल्या आणि त्या पाण्यासाठी, धान्यासाठी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. मग कथेच्या उत्तरार्धात कालचे वैरी नाइलाजाने एकत्र येतात. एका शेकोटीभोवती बसतात खरे, पण हात शस्त्रावरून निघत नाही. मुलांना वाटते, हे सारे कधीतरी पुढे, दूर देशात घडणार आहे. त्यांना कुणी सांगत नाही की असे एक जग तापी आणि गिरणेच्या काठी बुडून गेले आहे. त्यातल्या वैऱ्यांची शेकोटीही पेटून गेली आहे. जळगाव जिल्ह्यातले धरणगाव हे त्या शेकोटीचे ठिकाण आणि १८२५ हे तिचे साल.

मुलूख कसा बुडाला

खानदेश हा काही मुळात दरिद्री मुलूख नव्हे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलिक राजाने थाळनेरला आपले ठाणे केले आणि फारुकी घराण्याने पुढे दोनशेहून अधिक वर्षे येथे राज्य केले. १६०१ साली अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. तापीकाठची काळी जमीन, बऱ्हाणपूरची पेठ, पांझरेसारख्या नद्यांवर बांधलेले बंधारे आणि त्यांच्या पाटावर पिकणारी फड बागायत, असा हा भरलेला प्रांत होता. १६३०च्या भीषण दुष्काळात तो एकदा मोडला आणि पुन्हा उभा राहिला. अठराव्या शतकात तो मराठ्यांकडे आला.

मग आले १८०२ साल. पेशवे, शिंदे आणि होळकर यांच्यातल्या भाऊबंदकीत यशवंतराव होळकरांच्या फौजा खानदेशावरून गेल्या. उभी पिके कापली गेली, गुरे हाकली गेली, पेवे उकरली गेली. त्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. लुटीने घरातले धान्य नेले होते, दुष्काळाने शेतातले नेले. ज्यांना चालता येत होते ते गाव सोडून गेले. ज्यांना येत नव्हते ते तिथेच मेले.

पुढची पंधरा वर्षे या मुलखाला धनीच उरला नाही, असे म्हटले तरी चालेल. पेंढारी येत, लुटून जात. पगार थकलेले अरब शिपाई किल्ले आणि गढ्या बळकावून बसले. तेच सावकारी करू लागले आणि कर्जापोटी गावेच्या गावे त्यांच्या मुठीत गेली. आजही खानदेशातल्या कितीतरी गावांत पांढऱ्या मातीची ढासळलेली गढी दिसते. पोरे तिच्यावरून घसरगुंडी खेळतात. रात्री वेशी लावून सारे गाव अशा गढीच्या आडोशाला जीव मुठीत धरून बसत असे, तो हा काळ.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी खानदेश घेतला, तेव्हा त्यांच्या हाती काय पडले? माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्या वेळच्या आपल्या अहवालात जे वर्णन केले आहे, ते वाचून आजही अंगावर काटा येतो. नंदुरबार, अमळनेर, एरंडोल अशा काही ठिकाणांभोवती शेती शिल्लक होती. बाकी बहुतेक मुलखावर दाट जंगल चढले होते आणि त्या जंगलात पडक्या गावांच्या भिंती उभ्या होत्या. बंधारे फुटलेले, पाट बुजलेले. काही गावांची नावे दप्तरात होती, पण ती गावे नेमकी कुठे होती हे दाखवणाराही कुणी उरला नव्हता.

माणूस हटला तिथे वाघ आला. १८२२च्या मे, जून, जुलै या अवघ्या तीन महिन्यांत खानदेशात वाघांनी व इतर श्वापदांनी सुमारे ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारल्याची नोंद आहे. सिनेमावाल्यांना यापेक्षा भयंकर काय सुचणार?

जागल्या डोंगरात गेला

या बुडालेल्या जगात जे अनेक गट एकमेकांसमोर उभे होते, त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत भीतिदायक गट म्हणजे भिल्लांचा, असे सरकारी कागद सांगतात. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या रांगांत त्यांच्या टोळ्या होत्या. पाच-पन्नास माणसे घेऊन एखादा नाईक खाली उतरे, गाव लुटी, गुरे नेई, पाटलाला ओलीस धरी. १८१८ साली अशा नाईकांच्या मागे ५,००० माणसे होती, असा इंग्रजांचा अंदाज होता.

पण हे भिल्ल आले कुठून? ते बाहेरून आले नव्हते. दुष्काळापूर्वी त्यांतले पुष्कळजण गावातलेच होते. गावाच्या कडेला त्यांची भिलाटी असे. रात्रीची गस्त, शेताची राखण, चोराचा माग काढणे, घाटवाटांवर पहारा, ही सारी कामे त्यांची. त्याबद्दल खळ्यावर त्यांना धान्याचा वाटा मिळे. गावाचा जागल्या बहुधा भिल्लच. म्हणजे ज्याच्या भरवशावर गाव झोपत होते, तो हाच माणूस.

गाव ओस पडले तेव्हा खळेही गेले आणि खळ्यावरचा वाटाही गेला. शेतकऱ्याला निदान गुजरातेत किंवा वऱ्हाडात कुठेतरी जमीन कसायला मिळण्याची आशा होती. जागल्याने कुठे जावे? तो डोंगरात गेला. ज्या वाटांची त्याने राखण केली होती, त्याच वाटांवर तो लुटायला उभा राहिला. त्याला कोणत्या घरात काय आहे ते माहीत होते, कारण त्या घराच्या दारात त्यानेच पहारा केला होता. राखणदाराचा लुटारू होतो, तेव्हा वैर अधिक विखारी असते. त्यात दोघांनाही फसवले गेल्याचे दुःख असते.

दोन विहिरी

या वैरावर मराठी राज्याच्या अखेरच्या कारभाऱ्यांनी जो उपाय योजला, तो सांगताना मान खाली जाते. पण तो सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

पेशव्यांचे सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी भिल्लांच्या एका मोठ्या जमावाला बोलणी करण्याच्या मिषाने कोपरगावी आणले. भिल्ल विश्वासाने आले. त्यांना धरण्यात आले आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन विहिरींत ढकलून मारण्यात आले. असेच हत्याकांड चाळीसगावला झाले, धरणगावला झाले, अंतूरच्या किल्ल्यावर झाले. बायका-मुलांचीही गय झाली नाही.

याचा परिणाम काय झाला? दरोडे थांबले नाहीत, उलट वाढले. शिवाय एक गोष्ट कायमची झाली. 'या, बोलू, तडजोड करू' या शब्दांचा अर्थ भिल्लाच्या लेखी 'या, विहीर तयार आहे' असा झाला. राज्यकर्ता कोणीही असो, त्याच्या आमंत्रणावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार? कोपरगावच्या विहिरींत माणसांबरोबर शब्दाची पतही बुडाली होती. आणि मुलूख पुन्हा उभा करायचा तर सर्वांत आधी नेमकी तीच वर काढावी लागणार होती.

बंदुकीने न सुटलेले कोडे

इंग्रजांनी आधी बंदूकच उचलली. १८१८च्या फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यात त्यांनी शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिले. मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांशी कित्येक दिवस झुंज झाली, आणि शेवटी अरबांना मुलखाबाहेर काढण्यात आले. अरब बाहेरचे होते. त्यांना घालवता आले. भिल्लांना कुठे घालवणार? ते तर इथलेच.

खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने धुळे हे आपले मुख्य ठाणे केले आणि तिथे सरळ रेषेत नवी पेठ आखली. धुळ्याच्या 'गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच' अशा नीटस पत्त्यांची मुळे या आखणीपर्यंत जातात. पेठ वसली, पण पेठेबाहेरचा मुलूख वसेना. ब्रिग्जने डोंगरात जाणारे धान्य अडवले, वाटा रोखल्या, नाईकांच्या मागे फौजा सोडल्या. दुसरीकडे शरण येणाऱ्यांना माफी आणि घाट राखणाऱ्यांना तनखा देऊ केला. काही आले, काही फिरून गेले. एक टोळी मोडली की दुसरी उभी राही. सातपुड्यातल्या हिवतापाने पलटणीतले शिपाई आजारी पडत. भिल्ल उपाशी होते, शेतकरी भेदरलेले होते आणि सरकारचा खर्च मात्र चालू होता. सहा-सात वर्षे अशीच गेली.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनने १८२५ मध्ये धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी उघडण्यात आल्या. वायव्येला नंदुरबारच्या बाजूची, दक्षिणेला कन्नडची आणि ईशान्येला धरणगावची. कन्नडच्या ओव्हन्सने भिल्लांच्या वस्त्या वसवायच्या, त्यांना जमीन, बैल, बियाणे, तगाई द्यायची. आणि धरणगावच्या एजंटाने भिल्लांचीच एक पलटण उभारायची! ज्यांना पकडण्यासाठी फौज ठेवायची, त्यांनाच फौजेत घ्यायचे. ही कल्पना त्या काळी अनेकांना वेडगळ वाटली असेल तर नवल नाही. ते काम बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटकडे आले. त्याचे नाव जेम्स औट्रम.

धरणगावचे पाच जण

बालकवींचे जन्मगाव म्हणून आपण धरणगाव ओळखतो. १८९० साली त्यांचा जन्म झाला, त्याच्या पासष्ट वर्षे आधीची ही हकिगत आहे.

औट्रम शरीराने किरकोळ, पण धाडसी आणि शिकारीचा वेडा. खानदेशातल्या दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत तो हजर होता, असे त्याचा चरित्रकार लिहितो. वाघ हा येथे शेतकऱ्याचा आणि भिल्लाचा सारखाच शत्रू होता, हे विसरता कामा नये. त्या शिकारीत माग काढायला भिल्लच लागे. दोन वैऱ्यांना एकत्र चालायला लावणारे पहिले काम बहुधा तेच असावे.

पण सुरुवात काही मैत्रीने झाली नाही. औट्रमने आधी डोंगरातल्या एका टोळीवर छापा घातला आणि काही माणसे, बायका-मुले पकडली. मग या कैद्यांच्या नातेवाइकांशी त्याने बोलणे सुरू केले. माणसे सोडण्याचे वचन दिले. म्हणजे या युतीचा पहिला धागा ओलिसांच्या सुटकेचा होता. त्यानंतर त्याने एक वेगळी गोष्ट केली. तो पहारेकरी न घेता एकटा त्यांच्या रानात गेला, त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर दारू प्याला. आणि अखेर पाच जणांनी त्याच्याबरोबर यायचे ठरवले.

पाच! साऱ्या खानदेशातून पाच.

ही हकिगत आपल्याला कळते ती औट्रमच्या पत्रातून. त्याने दिलेल्या दारूचा उल्लेख त्यात आहे, स्वतःच्या धाडसाचाही आहे. त्या पाचांची बाजू मात्र कागदावर आलेली नाही. पण थोडा विचार केला तर दोन्ही बाजूंच्या धाडसात फरक दिसतो. औट्रम रानात मारला गेला असता तर त्याच्या मागे एक साम्राज्य सूड घ्यायला उभे होते. ते पाच जण धरणगावला आले, ज्या गावात काही वर्षांपूर्वी त्यांच्या भाऊबंदांची कत्तल झाली होती त्याच गावात. त्यांच्या मागे कोण होते? त्या रात्री ते झोपले तरी असतील का? युतीची पहिली आणि मोठी जोखीम त्यांनी घेतली होती.

पहाट झाली, आणि विहीर दिसली नाही. दुसरी पहाट झाली. महिना झाला, ठरलेला पगार हातात पडला. कैदी सुटले. मग पाचाचे पंचवीस झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत नव्वदच्या वर गेले. या वाढीत जादू काहीच नाही. आलेला प्रत्येक माणूस जिवंत आहे आणि त्याला बोलल्याप्रमाणे पगार मिळतो, ही बातमी डोंगरात जात होती, एवढेच. ज्या समाजाला लेखी कराराचा काही उपयोग नव्हता, तिथे रोजचा दिवस हाच करार होता.

पानाचा विडा

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. औट्रमने आपल्या या नव्या माणसांना मालेगावच्या छावणीत नेले. तिथे त्याची स्वतःची मूळची पलटण होती. त्या पलटणीतले शिपाई उच्चवर्णीय, गणवेशातले, कवायतीत मुरलेले. कालपर्यंत त्यांनी याच भिल्लांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यांचे बाणही खाल्ले होते. भिल्लांच्या अंगावर धड कपडे नव्हते. आता काय होणार? टिंगल, शिव्या, की मारामारी?

झाले ते उलटेच. शिपायांनी त्यांची थट्टा केली नाही. ते जवळ येऊन बोलले आणि त्यांनी भिल्लांपुढे पान-सुपारी धरली. औट्रमने ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली आहे, कारण पलटण टिकण्यात तिचा मोठा वाटा आहे हे त्याला कळले होते.

आपल्याकडे विडा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. लग्नाची बोलणी, भांडणाचा निवाडा, मोहिमेचा पण, सारे विड्यावर होते. ज्याला शिवायचे नाही असे मानले, त्याच्यापुढे पान धरणे म्हणजे त्याला माणसाच्या पंगतीत घेणे. तनखा आणि माफी तर ब्रिग्जनेही देऊ केली होती. पण मान कुणी दिला नव्हता. उपाशी माणसाला भाकरी देऊन बोलावता येते. टिकवून ठेवायला आणखी काही लागते. हे त्या अनाम शिपायांना कुणी शिकवले होते कोण जाणे!

हळूहळू मुलूख निवळू लागला. ज्या वाटा भिल्लाने अडवल्या होत्या, त्या वाटांवर पलटणीतला भिल्ल पहाऱ्याला उभा राहिला. म्हणजे पाव शतकानंतर तो आपल्या जुन्या कामावर परत आला, जागल्याच्या. १८२८ मध्ये कलेक्टरने वर लिहिले की, गेल्या वीस वर्षांत प्रथमच जिल्ह्याला सलग सहा महिने स्वस्थता लाभली आहे. सहा महिने! आज आपल्याला हा आकडा किती छोटा वाटतो. पण ज्या कुणब्याने वीस वर्षे पेरणी करताना कापणीचा भरवसा धरला नव्हता, त्याला विचारा. सहा महिने म्हणजे एक पूर्ण हंगाम. पेरलेले आपल्याच खळ्यावर आले, असा एक हंगाम.

ओस गावांत माणसे परतू लागली. जंगल तोडून जमिनी पुन्हा लागवडीला आल्या. तापीकाठच्या आजच्या केळीच्या बागा आणि कपाशीची शेते पाहताना या सहा महिन्यांची आठवण ठेवायला हवी.

युतीची किंमत

सिनेमा असता तर येथे संपला असता. इतिहास संपत नाही.

ही युती बरोबरीच्या माणसांची नव्हती. दोघांनाही एकमेकांची गरज होती, पण अटी लिहिणारा हात एकाचाच होता. पलटण कुणाविरुद्ध चालवायची, हे भिल्ल ठरवत नव्हता. १८३० मध्ये तिला डांगच्या भिल्ल राजांवर नेण्यात आले. पुढच्याच वर्षी अडावद-यावलच्या तडवींवर. भिल्लाने भिल्लाला धरायचे, हा तिचा नित्यक्रम झाला.

१८५२ साली तर आणखी विचित्र घडले. नव्या जमीन-मोजणीमुळे सारा वाढेल या भीतीने सावदा, यावल, रावेर, चोपडा भागातले शेतकरीच उठले. त्यांच्या सभा भरू लागल्या, त्यांनी मोजणीदारांना रोखले. तेव्हा सरकारने फैजपूरला घेरून पुढारी पकडले आणि त्या कामाला भिल्ल पलटण आणली. ज्या शेतकऱ्याच्या रक्षणासाठी ती उभी राहिली, त्याच्याच दारात ती बंदूक घेऊन गेली! राखणदार आता गावाचा उरला नव्हता. तो सरकारचा झाला होता.

आणि १८५७ मध्ये ही युती आतून तडकली. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरच्या पुढे सेंधव्याचा घाट लागतो. त्या घाटाची राखण सरकारी नोकरीत राहून खाज्या नाईक यांनी पुष्कळ वर्षे केली होती. मध्यंतरी एका गुन्ह्यात त्यांना शिक्षा झाली, नोकरी गेली. १८५७च्या उठावात ते भीमा नाईक यांच्याबरोबर उभे राहिले. त्यांनी तारा तोडल्या, टपाल अडवले आणि सेंधव्याजवळ सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना घेतला. घाट राखणाऱ्याने घाटच बंद केला. दुष्काळातल्या जागल्याची कथा पुन्हा घडली, मात्र या वेळी ती भुकेपेक्षा अपमानाची होती. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली आणि पकडलेल्या भिल्लांना रणांगणावरच निवाडा करून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक १८६० मध्ये विश्वासघाताने मारले गेले. तोवर औट्रम लखनौच्या लढाईत गाजला होता. १८६३ साली तो वारला, तेव्हा त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरण्याचा मान मिळाला. युतीतल्या दोन्ही बाजूंचे शेवट असे वेगळे!

पुढे जंगले सरकारने राखीव केली. ज्या रानाने दुष्काळात आसरा दिला, त्या रानात लाकूड तोडणे हा गुन्हा ठरला. युतीने भिल्लाला दिलेल्या जमिनी सावकाराच्या वहीतून एकेक करून निसटल्या. १९७२च्या सुमारास शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या मागे हजारो आदिवासी उभे राहिले, ते या हिशेबाची आठवण द्यायलाच. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्राने केला, २००६ मध्ये वनहक्काचा कायदा देशाने केला. दीडशे वर्षांपूर्वी दिलेला शब्द नव्याने कायद्यात लिहावा लागतो, याचा अर्थ मधल्या काळात तो पाळला गेला नव्हता, इतकाच होतो.

घाटात सांगायची गोष्ट

मग या धरणगावच्या शेकोटीतून आपण काय घ्यायचे? औट्रमचे गोडवे गाऊ नयेत; तो आपल्या सरकारचे काम करत होता आणि ते काम त्याने हुशारीने केले. त्याला नुसता कावेबाज ठरवूनही भागणार नाही; त्याने दिलेले साधे शब्द त्याने पाळले, जे आपल्याच माणसांनी पाळले नव्हते. ही बोचरी गोष्ट आहे, पण खरी आहे.

जग बुडते ते आकाशातून काही पडून नव्हे. गावाच्या टोकाला राहणाऱ्या माणसाचा खळ्यावरचा वाटा ज्या दिवशी बंद होतो, त्या दिवशी ते बुडायला लागते. आणि ते पुन्हा वर येते तेही प्रेमाने नव्हे. वैरी एका रात्रीत मित्र होत नाहीत. तशी गरजही नसते. बोलावले तिथे विहीर नसावी, कबूल केलेला पगार महिन्याच्या महिन्याला मिळावा, समोरच्याने पान पुढे धरावे, एवढ्यावर युती उभी राहते. पण एकदा उभी राहिली म्हणून ती कायमची उभी राहत नाही. रोजच्या रोज ती पाळावी लागते, दिव्यात तेल घालावे तशी. शब्द पाळणे थांबले की राखणदार पुन्हा डोंगराकडे बघू लागतो.

आपल्या गावांतून आजही भिलाटी आहे. बहुतेक ठिकाणी ती गावाच्या टोकालाच आहे, दोनशे वर्षांपूर्वी होती तिथेच. उसाच्या तोडणीला, कपाशीच्या वेचणीला आपण तिथूनच माणसे बोलावतो. त्यांचा खळ्यावरचा वाटा नीट पोचतो की नाही, हे पाहायला आता कुणी औट्रम येणार नाही. येऊही नये. ते काम गावाचे आहे.

पुढच्या वेळी घाटात गाडी अडकली आणि पोराने विचारले, तर त्याला साहेबाचे नाव जरूर सांगावे. पण तेवढ्यावर थांबू नये. गाडी सुटायला बराच वेळ असतो. त्याला त्या पाच जणांचीही गोष्ट सांगावी, जे विहिरींची आठवण मनात ठेवून डोंगर उतरले होते.